घरचं फडताळ: पाकिटांऐवजी रोजच्या खाण्यात परत काय आणता येईल?

परसबाग (धागाकर्ती)
सोमवार, सकाळी १०:१२

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून किराणा दुकानांत नाचणीची बिस्किटं, ज्वारीचे चिप्स, बाजरीचे नूडल्स यांची वेगळी रांगच लागली आहे. पाकिटावर पुढे कणसाचं चित्र असतं. मागे घटकांची यादी वाचली की बऱ्याचदा पहिलं नाव मैद्याचं निघतं, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी चौथ्या-पाचव्या नंबरवर. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे नाचणी कितवी आहे एवढं बघितलं तरी पाकिटात काय आहे ते कळतं.

मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते थोडं वेगळं आहे. घरचं, साधं खायचं ठरवलं की बरेच जण सगळ्यात कष्टाच्या गोष्टींना हात घालतात. रोज दोन्ही वेळा भाकरी, घरचं तूप, घरचं पनीर, घरचा पाव. पहिले काही दिवस उत्साह असतो, मग घरातली एक बाई दमते आणि पाकिटं परत येतात. वेळ कुठे आहे, हा प्रश्न मग ती विचारते आणि तो अगदी रास्त आहे.

पण वेळ नसणं आजचं नाही. भातलावणीच्या दिवसांत कोकणातली बाई दिवसभर चिखलात वाकलेली असायची. घरी येऊन चूल पेटवली की थोड्या वेळात सगळ्यांच्या पानात गरम काहीतरी पडायला हवं. त्यासाठी डब्यात कुळथाचं पीठ असायचं. कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडून सालं काढायची आणि बारीक दळून ठेवायचे. हे काम पावसाच्या आधी एकदाच. मग लसणीची फोडणी, मिरची, दोन आमसुलं, पाणी. उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं. भात होईपर्यंत पिठी तयार.

मराठवाड्यात येसर असतो. धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी होते, डाळ शिजवायची गरज नाही. मेतकूट आहे, थालिपीठाची भाजणी आहे, उन्हाळ्यात सातूचं पीठ आहे. गूळ आणि दूध किंवा नुसतं पाणी घालून कालवलं की सातू तयार, गॅस पेटवायलाही नको. शेंगदाणा, जवस, कारळ, तीळ यांच्या कोरड्या चटण्या आहेत. झटपट होणारं खाणं आपल्या आज्यांनी करून ठेवलं होतं, आपण नेमका तोच भाग सोडून दिला आणि सणासुदीचे पदार्थ तेवढे परंपरा म्हणून जपले.

या सगळ्यात मुख्य काम भाजण्याचं. भाजल्याने धान्यातला ओलावा जातो म्हणून पीठ टिकतं, कच्चेपणा जातो म्हणून लवकर शिजतं आणि पचायला हलकं लागतं. मेहनत एका दिवसाची, खाणं महिनाभराचं.

म्हणून माझं म्हणणं असं की परत यायचं तर या फडताळापासून सुरुवात करावी. आमच्याकडे संध्याकाळी शाळेतून आल्यावर मुलांना नूडल्स लागायचे, तिथे आता थालिपीठ असतं. ब्रेडच्या जागी मऊ भात, तूप, मेतकूट. सॉसच्या जागी दही घालून शेंगदाण्याची चटणी. मुलांनी कुरकूर केली, अजूनही अधूनमधून करतात. बाहेरचं काही बंद केलेलं नाही, फक्त रोजचं राहिलेलं नाही.

भाजणीचं माझं प्रमाण देते. ज्वारी, बाजरी, तांदूळ प्रत्येकी अर्धा किलो. गहू, हरभरा डाळ, अख्खे उडीद प्रत्येकी पाव किलो. धणे १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, चमचाभर मेथ्या. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण गहू आणि डाळ एका वेळी भाजून होत नाहीत. एक कच्चं राहतं किंवा दुसरं करपतं. आच मंद. हरभरा डाळ गुलाबी झाली आणि घरभर वास सुटला की उतरवायची. धणे-जिरे सगळ्यात शेवटी, गरम कढईत नुसते परतले तरी पुरे.

तुमच्या भागात असं काय होतं? काय परत सुरू केलंत? आणि कुठे अडलं, तेही लिहा.

---

सीना_काठ
सोमवार, दुपारी १:४०

धागा आवडला. मी सोलापूर जिल्ह्यातला, वय सत्तरीच्या पुढे. खाणं कसं बदलत गेलं ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे बारा महिने ज्वारीची भाकरी. गहू सणाला. ज्वारी म्हणजे रब्बीची मालदांडी. काळ्या रानात, नुसत्या जमिनीच्या ओलीवर येणारी, पांढरीशुभ्र, टपोरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न भरपूर, त्यात शंका नाही, आणि पोटं भरायची होती. पण ते खरिपाचं पीक, काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा. त्या 'हायब्रीड'ची भाकरी लोकांना आवडत नसे. पाहुणा आला तर त्याच्या पानात मालदांडीची भाकरी आणि घरच्यांच्या पानात हायब्रीडची, असे दिवस होते.

मग १९७२ चा दुष्काळ. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ. ज्यांनी ते खाल्लं ते आजही अन्न टाकत नाहीत. पुढे रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागला, कालवे आले, उसाचं क्षेत्र वाढलं आणि ज्वारी मागे पडली. आज माझ्या तालुक्यात ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे. मजुराच्या घरी चपाती आणि शहरातल्या डॉक्टरांच्या घरी भाकरी, असं झालं आहे. लोकांनी पारंपरिक अन्न सोडलं यात नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही, भाव आणि रेशनही त्यात आहे, हे या चर्चेत कुणी विसरू नये.

ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, ताटं उपटावी लागतात, पाखरं राखावी लागतात. शेतकऱ्याला परवडलं तरच तुमच्या भाजणीत ती पडेल. जमेल त्यांनी काढणीनंतर थेट शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी घ्या. आमच्या भागात अजून पोत्याने मिळते.

---

अनघा_ठाणे
सोमवार, रात्री ९:०५

परसबाग, लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट स्पष्ट बोलते. 'आपल्या आज्यांनी करून ठेवलं होतं' हे वाक्य वाचताना मला माझी आजी आठवत राहिली. पहाटे चारला जातं, दिवसभर चूल, वाळवणं, निवडणं, पाखडणं. तिला ते आवडायचं का, असं कुणी तिला कधी विचारलं नाही. माझी आई नोकरी करायला लागली तेव्हा तिने घरात पहिल्यांदा तयार मसाला आणि शेवयांचं पाकीट आणलं, आणि त्या पाकिटाने तिला रोजचा एक तास दिला. त्या तासात ती वाचायची.

मी सकाळी ७:२० ची लोकल पकडते. घरचं अन्न चांगलं हे मला पटतं, पण हे सगळं 'परत' आणणार कोण? अशा चर्चांमध्ये नवरे वाचनखूण साठवतात आणि बायका भाजतात. हे बदलत नसेल तर मी पाकीटच आणीन आणि त्याबद्दल मला कुणी काही ऐकवू नये.

---

गिरगाव_चौपाटी
सोमवार, रात्री १०:३१

अनघाताई, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. नवरा म्हणून लिहितो. आमच्याकडे भाजणी मी भाजतो. बायको शनिवारीही कामावर जाते, मी घरी असतो. यात अवघड काही नाही. जाड बुडाची कढई, उलथणं आणि धीर लागतो. तीनेक किलो धान्य भाजायला साधारण दोन-अडीच तास जातात. मुलीला शेजारी बसवून शेंगदाणे सोलायला देतो. तिला आता वासावरून डाळ झाली का ते कळतं.

मेतकूटही मीच करतो: हरभरा डाळ दोन वाट्या, उडीद डाळ एक, तांदूळ एक, गहू अर्धी वाटी, एक चमचा मोहरी, एक चमचा मेथ्या, धणे-जिरे दोन-दोन चमचे, सुक्या मिरच्या चार, सुंठेचा तुकडा, हिंग, हळद. सगळं वेगवेगळं भाजून मिक्सरवर दळून चाळतो. पाऊण किलोच्या आसपास होतं.

रोजच्या स्वयंपाकाला हात लावायची लाज वाटणारे बरेच पुरुष मला माहीत आहेत. त्यांनी इथून सुरुवात करावी.

---

परसबाग
मंगळवार, सकाळी ८:५०

अनघा, तुम्ही लिहिलंत ते मूळ लेखातच यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. काम एकाच माणसावर पडणार असेल तर हे टिकणार नाही, आणि टिकूही नये.

एक भर घालते. 'घरचं' म्हणजे आपल्याच घरात केलेलं, असं मी धरत नाही. वाळवणं पूर्वीही वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून करायच्या. पापड विकत घेणंही जुनंच आहे: १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजही बचत गटांच्या बायका उत्तम भाजणी, कुळीथ पीठ, नाचणी सत्त्व करतात. पुण्यात भीमथडी जत्रेत, मुंबईत महालक्ष्मी सरसमध्ये त्यांची दालनं असतात. त्यांच्याकडून घ्यावं आणि पैसे घासाघीस न करता द्यावेत. जे जिन्नस तुम्ही स्वतः भाजले असते तेच त्यात असतात. माझ्या लेखी ते घरचंच.

---

आहारमित्र
मंगळवार, दुपारी १२:१५

मी आहारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करते. चर्चेत थोडी माहिती घालते.

कारखान्यातल्या अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाबद्दल सगळ्यात बोलका प्रयोग २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी केला. २० माणसांना दोन आठवडे एका प्रकारचं आणि दोन आठवडे दुसऱ्या प्रकारचं जेवण दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मेद, मीठ, चोथा सारखेच ठेवले आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. अतिप्रक्रियेचं जेवण असताना तीच माणसं दिवसाला साधारण ५०० उष्मांक जास्त खात होती आणि वजन वाढत होतं. घास मऊ, भरभर गिळला जातो, पोट भरल्याचं कळेपर्यंत जास्त खाऊन झालेलं असतं. भाकरी चावायला वेळ लागतो हा तिचा मोठा गुण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही असं अन्न कमी करायला सांगितलं आहे.

आता दुसरी बाजू. घरचं म्हणजे आपोआप हितकारक, असं माझे रुग्ण समजतात आणि तिथे घोटाळा होतो. दिवसाला एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, ठेचा हे सगळं घरचंच असतं आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या पानात चारही असतात. गूळ घातलेला लाडू मधुमेहाला चालतो, हा समजही काढून टाका. भाकरीतही पिष्टमय पदार्थ आहेतच. दोन खा, सोबत उसळ आणि पालेभाजी भरपूर घ्या. चार भाकरी आणि चमचाभर भाजी, अशा पानाचा मधुमेह्याला उपयोग नाही.

आणि साबुदाणा! उपवासाचा म्हणून तो पारंपरिक आणि शुद्ध मानला जातो. तो कंदातला नुसता स्टार्च आहे, आपल्याकडे मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या भागातल्या कारखान्यांतून येतो. प्रथिनं जवळजवळ नाहीत, चोथा नाही. राजगिरा, वरई, शिंगाडा यांची उपवासाची भाजणी करून ठेवा, काकडी किसून थालिपीठ लावा. उपवासही होईल आणि अशक्तपणाही येणार नाही.

वनस्पती तुपाबद्दल एक वाक्य. १९३७ साली डालडा आला आणि पुढे घरोघरी गेला, तेव्हा ट्रान्स फॅटचे, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या घातक मेदाचे, परिणाम लोकांना माहीत नव्हते. आता २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपांत २ टक्क्यांपेक्षा जास्त कृत्रिम ट्रान्स फॅट चालत नाही. तरी बेकरीची खारी-नानकटाई रोज नको.

---

मांडवी_काठ
मंगळवार, संध्याकाळी ६:२२

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज असायची. कष्टकऱ्याच्या पोटाला आधार. सोबत खारातली कैरी, नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा भाजून, वर नारळ-कांदा. पेजेचं महत्त्व मला उशिरा समजलं: भात सालासकट उकडताना कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात उतरतं, म्हणून नंतर कांडला तरी पांढऱ्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा ते जास्त राहतं. आमची आजी हे शास्त्र सांगत नव्हती, ती म्हणायची पेज खाल्लेला माणूस जेवणापर्यंत भुकेजत नाही.

नाचण्याची तिजानही तशीच. नाचणे भिजवून वाटायचे, फडक्यातून रस गाळायचा, गूळ आणि नारळाचा रस घालून शिजवायचं. घट्ट झाली की ताटात ओतून वड्याही पाडतात.

एक दुःख आहे ते पावाचं. पोदेर (पाववाला) सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येतो तो अजून येतो, पण पूर्वी सूर (माडाची ताडी) घालून पीठ आंबवायचे, आता यीस्ट. कोंड्याची पोय म्हणून घेतो ती पुष्कळदा मैद्याची असते, वर कोंडा भुरभुरलेला. पोदेराला विचारून घ्या. चांगली पोय करणारे अजून आहेत, त्यांच्याकडून घेत राहिलो तरच ते राहतील.

---

मृण्मयी_न्यूजर्सी
बुधवार, पहाटे ४:१०

बाळ साडेसहा महिन्यांचं आहे. आई इथे असताना नाचणी सत्त्व करायची, आता ती परत गेली. इथे थंडीत नाचणीला मोड येत नाहीत, आणि आले तर वाळत नाहीत. दुकानात पाकीट मिळतं पण त्यात साखर आणि दूध पावडर आहे. कुणी नीट कृती सांगेल का?

---

तळेगावची_मावशी
बुधवार, सकाळी ११:०३

मृण्मयी बाळा, सांगते. दोन वाट्या नाचणी तीन-चार पाण्यांतून चोळून धू, रेती असते. रात्रभर भिजव. सकाळी पाणी पूर्ण निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांध. तुमच्याकडे ओव्हन असतो, तो न तापवता आतला दिवा तेवढा लावून पुरचुंडी आत ठेव. तेवढी ऊब पुरते. फडकं सुकलं तर पाण्याचा हबका मार. एक-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतील. मोड लांब होऊ द्यायचे नाहीत. बुळबुळीत झालं किंवा आंबूस वास आला तर सगळं टाकून दे, बाळासाठी धोका नको.

मग ताटात पातळ पसरून पंख्याखाली वाळव, नाहीतर ओव्हनच्या सगळ्यात कमी आचेवर दार किंचित उघडं ठेवून. दाणा दाताखाली कटकन मोडला पाहिजे. ओलसर दळलंस तर बुरशी येते. कढईत मंद आचेवर हलकंच भाज, मिक्सरवर बारीक कर आणि मलमलीच्या फडक्यातून चाळ. वर राहिलेला कोंडा आपल्या थालिपिठात घाल. सत्त्व थोडंच करत जा आणि फ्रीजमध्ये ठेव.

चमचाभर सत्त्व गार पाण्यात कालवून शिजव. मोड आलेल्या पिठाची खीर पातळ राहते, कारण मोड येताना दाण्यातला स्टार्च फुटतो. त्यामुळे वाटीत पीठ थोडं जास्त घालता येतं आणि बाळाला गिळायलाही सोपं जातं. वर्षापर्यंत मीठ, साखर, गूळ, मध काही नको. शिजल्यावर थेंबभर तूप. अंगणवाडीत बरीच वर्षं काम केलं, किती बाळं यावर वाढलेली पाहिली.

---

आहारमित्र
बुधवार, दुपारी १:२०

मावशींची कृती अगदी बरोबर. फक्त एवढं जोडते: १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तरी बाळाला एकट्या नाचणीवर ठेवू नका. मुगाच्या डाळीचं पाणी न देता डाळच घोटून द्या, भाज्या आणि फळंही सुरू करा, आणि आईचं दूध चालू ठेवा.

---

तापी_पूर्णा
बुधवार, रात्री ८:४४

खानदेशातून कळण्याची भाकरी आली नाही म्हणून लिहायला बसलो. किलोभर ज्वारीला पाव किलो अख्खे काळे उडीद आणि खडेमीठ घालून दळून आणायचं. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापायला न येणाऱ्यालाही जमते. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि हिवाळ्यात भरीत. धान्य आणि कडधान्य एकाच भाकरीत. ज्यांना भाकरी तुटते म्हणून भीती वाटते त्यांनी कळण्याच्या पिठावर हात बसवावा.

---

केतकी_नाशिक
गुरुवार, सकाळी ९:३०

बाजरीचं पीठ आठवड्यात कडू होतं. गिरणीवाला वाईट बाजरी देतो का?

---

सीना_काठ
गुरुवार, सकाळी ११:१५

नाही, गिरणीवाल्याचा दोष नाही. बाजरीत तेलाचा अंश जास्त, दळली की तो उघडा पडतो आणि पीठ खवट व्हायला लागतं. बाजरी निवडून ठेवा, पण दळण पाच-सहा दिवसांपुरतंच आणा. उरलं तर फ्रीजमध्ये. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणाही जातो, मग थापताना कडा फाटतात. तेव्हा उकळत्या पाण्यात पीठ मळावं, भाकरी सावरते. वर्षभर न खराब होणारं पीठ दुकानात मिळतं, त्यातला अंकुर आधीच काढलेला असतो का, ते विचारून घ्या.

---

रानवारा
गुरुवार, दुपारी ३:००

तेलाचं काय करता सगळे? आमच्या गल्लीत नवा लाकडी घाणा सुरू झाला आहे. शेंगतेल घ्यावं की करडई?

---

करडई_फुल
गुरुवार, संध्याकाळी ७:१८

आमच्या घरात तीन पिढ्या घाणा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. चव आवडेल ते घ्या, घाण्यावर उभं राहून काढून घ्या. एक हिशोब लक्षात ठेवा: लिटरभर शेंगतेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. अडीच किलो दाण्यांचा बाजारभाव काढा, त्यात मजुरी घाला आणि पेंडीचे पैसे वजा करा. तेलाची किंमत त्याहून खूप कमी असेल तर ते निव्वळ शेंगतेल नाही.

आता आमच्या धंद्यात फारसं न बोललं जाणारं. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी येते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दाण्यात उतरतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. कारखान्यातल्या शुद्धीकरणात ते निघतं, घाण्याच्या तेलात निघत नाही. म्हणून दाणे कसे आहेत यावर सगळं अवलंबून आहे. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून काढावेच लागतात. जो घाणेवाला निवडलेला दाणा तुम्हाला हातात घेऊन बघू देत नाही त्याच्याकडे जाऊ नका. घरच्या चटणीच्या दाण्यांनाही हेच लागू.

तेल काचेच्या नाहीतर स्टीलच्या बरणीत, उजेडापासून दूर, आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्यावं. घाण्याचं म्हणून जास्त खाऊ नये. तेल ते तेलच.

---

एसपी_मागची_खोली
गुरुवार, रात्री ११:४०

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, पुण्यात तीन जण एका खोलीत. गॅस नाही, फक्त पाणी गरम करायची किटली. मेसचं जेवण एकवेळ. रात्री नूडल्स खातो. मला यातलं काय जमेल?

---

परसबाग
शुक्रवार, सकाळी ७:५५

दादा, तुझ्यासाठीच सातूचं पीठ आहे. गावाहून येताना किलोभर आण. दूध किंवा कोमट पाणी, गूळ, झालं. चुरमुऱ्यात मेतकूट, कच्चं तेल, कांदा, शेंगदाणे. मूग किंवा मटकी रात्री डब्यात भिजव, फडक्यात बांध, मोड आल्यावर नीट धू आणि किटलीतलं उकळतं पाणी त्यावर दोनदा ओतून झाकून ठेव, मग कांदा-लिंबू. पावसाळ्यात मात्र मोड कच्चे खाऊ नकोस. भाजलेले फुटाणे आणि गूळ कायम जवळ ठेव. घरी आईला सांग, सातू करून द्यायला तिला आनंदच होईल. आणि सुट्टीत गेलास की गहू भाजायला तू बस.

---

घाटमाथा
शुक्रवार, सकाळी ११:२७

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव इथे यायला हवं. त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. वाल, वरई, नाचणी, भात, परसातल्या भाज्या यांची बियाणी त्या आणि त्यांच्यासोबतच्या बायका राखतात आणि दुसऱ्यांना लावायला देतात. तुमच्या फडताळातला प्रत्येक डबा शेवटी अशा कुणीतरी राखलेल्या बियाण्यावर चालतो. बाल्कनीत दोन कुंड्यांत घेवड्याचा वेल लावलात तरी गावरान बी लावा आणि पुढच्या वर्षासाठी चार शेंगा वेलावरच वाळू द्या.

---

अनघा_ठाणे
रविवार, संध्याकाळी ५:५०

इथलं सगळं वाचून आमच्या मजल्यावरच्या तीन घरांनी ठरवलं आहे की भाजणी एकत्र करायची. धान्य एक घर आणणार, भाजायला आमच्याकडे, दळून दुसरं घर आणणार. भाजायला माझा नवरा आणि शेजारचे काका बसणार आहेत, हे आधी ठरलं आणि मग बाकीचं. परसबाग, तुमचंच प्रमाण घेतलं आहे. गिरणीत नेताना काय सांभाळायचं?

---

परसबाग
रविवार, रात्री ८:१५

फार छान! धान्य पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, गरम भरलं तर वाफ धरते आणि पीठ टिकत नाही. गिरणीत गर्दी नसेल तेव्हा जा आणि ज्वारीच्या दळणामागे लावायला सांगा, तिखट-हळदीच्या चक्कीवर नको. पीठ किंचित सरसरीत ठेवायला सांगा, फार बारीक झालं तर थालिपीठ चिवट होतं. घरी आणल्यावर परातीत पसरून गार करा आणि मगच तिन्ही घरांत वाटा. पहिलं थालिपीठ लावाल तेव्हा पाणी कोमट घ्या, कांदा भरपूर घाला, मधे भोक पाडून तेल सोडा आणि झाकण ठेवा.